वहीतली भाकरी आणि सकाळची साखर : नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

कळमना बाजारातील एका धान्य व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारे, महाल भागात राहणारे ५२ वर्षांचे एक गृहस्थ गेली सहा वर्षे मधुमेहासाठी माझ्याकडे येत आहेत. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून हे प्रकरण लिहीत आहे. त्यांच्या रिकाम्या पोटीच्या वाढलेल्या साखरेचे कारण मी तब्बल चौदा महिने त्यांच्या ताटात शोधत राहिलो आणि त्या काळात एका सज्जन माणसावर, तोंडाने नाही तरी मनाने, खोटेपणाचा संशय घेतला. तो संशय चुकीचा होता.

उंची १६६ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, कंबरेचा घेर ९८ सेंटिमीटर. दिसायला लठ्ठ नाहीत, पण आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरची मर्यादा धरली जाते, त्या मानाने पोटातला मेद जास्त. मधुमेहाच्या गोळ्या दोन, मेटफॉर्मिन दिवसाला २००० मिलिग्रॅम आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, दोन्ही नियमित. जेवणानंतर दोन तासांची साखर १९५ ते २१० च्या दरम्यान असे, ती फारशी चांगली नसली तरी समजण्यासारखी होती. रिकाम्या पोटीची साखर मात्र १६८ ते १८२ च्या खाली उतरतच नव्हती. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.४ टक्के. जेवणाने साखर जेमतेम तीसच्या आसपास वाढत होती, याचा अर्थ जेवणाचा भाग बऱ्यापैकी आटोक्यात होता आणि मूळ पातळीच वर जाऊन बसली होती. हे आकडे माझ्यासमोर होते, तरीही मी दर वेळी विचारत होतो, "रात्री काय खाता?"

घरीही हाच प्रश्न होता. मुलाला वाटे, बाबा दुकानावरून येताना काहीतरी गोड खाऊन येतात. शेवटी त्यांच्या पत्नीने एक शंभर पानी वही केली आणि रोजच्या रात्रीच्या जेवणात काय वाढले, किती वाढले, ते तारखेनिशी लिहायला सुरुवात केली. ती वही माझ्या टेबलावर ठेवताना त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे रात्री आठ वाजता जेवतात आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत जी. मी स्वतः पाहते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, साक्ष होती. साक्ष ऐकून घ्यायची तर तिच्यावर विश्वास ठेवून पुढचे पाऊल टाकावे लागते, आणि खरा तपास तिथून सुरू झाला.

सर्वप्रथम आकडे खरे आहेत का, हे पाहणे भाग होते. विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, आणि हिमोग्लोबिनच्या अशा दोषांत एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. त्यांच्या रक्ताची त्या दृष्टीने तपासणी केली, ती निर्दोष निघाली. रक्तक्षयही नव्हता. गुडघ्यांसाठी कोणाकडून पुड्या घेता का, असेही विचारले, कारण अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. तसेही काही नव्हते. मग ग्लिमेपिराइडमुळे मध्यरात्री साखर खूप उतरून पहाटे उसळी मारते की काय, हे पाहण्यासाठी तीन रात्री घरच्या यंत्रावर मोजमाप करवले. रात्री १० वाजता १६४, पहाटे ३ वाजता १५८, सकाळी ६ वाजता १७६. तिन्ही रात्री आकडे थोड्याफार फरकाने असेच आले. रात्री साखर खाली घसरत नव्हती आणि पहाटेची वाढही किरकोळ होती. आठ तास अन्नाचा कण पोटात न जाता साखर जवळजवळ जागच्या जागी राहिली होती.

रात्रभर साखर येते कोठून

हे आकडे त्या दांपत्यासमोर ठेवून मी जो हिशेब मांडला, तो इथेही मांडतो, कारण हिशेबनीस माणसाला तो पटकन समजला. शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. साखर १६० असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून आठ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असते, म्हणजे दीड-दोन चमचे साखर. एकटा मेंदू तासाला सुमारे पाच ग्रॅम ग्लुकोज जाळतो. बाहेरून काहीच येत नसते तर मध्यरात्रीच्या आत ही शिल्लक संपली असती. ती संपत नाही, कारण यकृत रात्रभर भरणा करत असते : काही ग्लायकोजेनमधून, म्हणजे स्वतःत साठवलेल्या साखरेतून, आणि काही लॅक्टेट, अमिनो आम्ले व ग्लिसरॉल यांपासून नव्याने घडवून. निरोगी माणसात हा वेग दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण दोन मिलिग्रॅम असतो. ७१ किलोच्या माणसासाठी तो तासाला साडेआठ ग्रॅम होतो आणि आठ तासांत जवळजवळ सत्तर ग्रॅम. पत्नीने वहीत लिहिलेल्या जेवणातून साखर वगळली म्हणून काय झाले, त्यांच्या यकृताने झोपेत तेवढी साखर स्वतःच वाढली होती, आणि मधुमेहात हा वेग याहून जास्त असू शकतो.

या भरण्यावर लगाम ठेवणे हे इन्सुलिनचे काम. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन प्रवेशिका शिरेतून आधी यकृतात जाते, त्यामुळे यकृताला ते इतर अवयवांपेक्षा दोन-तीन पट दाट मिळते, आणि त्यातले जवळपास अर्धे यकृतच वापरून संपवते. यकृताच्या पेशीवरील रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, इन्सुलिन चिकटले की आतल्या आयआरएस नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढते, तिथून एक साखळी सुरू होऊन एकेटी हे विकर (एन्झाइम) जागे होते, आणि ते फॉक्सओ-१ या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकाबाहेर काढते. फॉक्सओ-१ केंद्रकात असेपर्यंत साखर घडवणाऱ्या विकरांचे उत्पादन चालू राहते, बाहेर गेले की मंदावते. याखेरीज दुसरा एक मार्ग आहे आणि तो मला या प्रकरणात अधिक महत्त्वाचा वाटतो. इन्सुलिन पोटाच्या मेदालाही आवर घालते. मेद विरघळणे थांबले की मेदाम्ले आणि ग्लिसरॉल यकृताकडे कमी जातात. ग्लिसरॉल हा साखरेचा कच्चा माल आहे, आणि मेदाम्लांपासून यकृतात तयार होणारे असिटिल-कोए हे साखर घडवण्याच्या पहिल्या पायरीवरील विकराला, म्हणजे पायरुव्हेट कार्बोक्सिलेझला, चेतवते. म्हणजे यकृताला इन्सुलिनचा निरोप दोन वाटांनी मिळतो, एक सरळ स्वतःच्या रिसेप्टरवर आणि दुसरा मेदातून येणारा माल कमी झाल्यामुळे.

मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृतावरच होतो. ते पुऱ्या मात्रेत चालू असताना यकृत ऐकत नव्हते. तेव्हा यकृताला इन्सुलिनचा निरोप पोहोचू न देणारे काय आहे, हा प्रश्न विचारायला हवा होता. सोनोग्राफीत यकृतावर मध्यम मेद दिसला होता, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एएलटी हे विकर ५८ होते, त्यामुळे उत्तराचा एक भाग हाती होता. पण मेदयुक्त यकृत माझ्या कितीतरी रुग्णांत आहे आणि त्यांतले बरेच जण एवढ्या औषधांवर १३० पर्यंत येतात. म्हणून शरीरात कुठे दाह (इन्फ्लमेशन) चालू आहे का हे पाहण्यासाठी, दाहात रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाची संवेदनशील तपासणी केली. ती ९.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आली. पंधरा दिवसांनी पुन्हा केली, ८.८ आली. सर्दी-तापासारख्या तात्पुरत्या कारणाने वाढलेले सीआरपी इतक्या दिवसांत उतरते. हे उतरले नव्हते.

सीआरपी हे स्वतः यकृतातच तयार होते, आणि ते तयार करण्याचा आदेश मुख्यतः इंटरल्युकिन-६ हे दाहकारक प्रथिन देते. ज्या यकृताला इन्सुलिन ऐकू येत नव्हते, त्या यकृताला दाहाचा आदेश नीट ऐकू येत होता.

वहीतली भाकरी

दाहाचा उगम शोधताना पायांचे तळवे पाहिले, लघवी तपासली, छातीचा एक्स-रे काढला, सांधे आणि त्वचा पाहिली. काहीच मिळाले नाही. मग ती वही मी पुन्हा वाचायला घेतली. पहिल्या वेळी मी तिच्यात फक्त किती खाल्ले ते पाहिले होते. आता पाहिले, कसे खाल्ले. सुरुवातीच्या पानांवर "भाकरी दीड, पालक, वरण, कांदा" असे होते. साधारण तीन महिन्यांनंतर "कांदा" हा शब्द येणे थांबले. पुढे "भाकरी" च्या पुढे "कुस्करून" आले, आणि शेवटच्या पानांवर जवळजवळ रोज "भाकरी वरणात भिजवून" असे लिहिलेले होते. त्यांच्या पत्नीने आपल्या नकळत एका आजाराची प्रगती तारखेनिशी नोंदवून ठेवली होती.

"दाढा दुखतात का?" असे विचारल्यावर ते थोडे ओशाळले. ओशाळण्याचे कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपुरात आणि साऱ्या विदर्भात किती रुजला आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. बाजारात दिवसभर बसणाऱ्या या गृहस्थांना तो तेवीस वर्षांपासून होता, दिवसाला चार-पाच वेळा. माझ्या कागदावर पहिल्याच भेटीत "तंबाखू : होय" असे लिहिलेले आहे. मी त्यावर "बंद करा" असे सांगून पुढे गेलो होतो आणि सहा वर्षांत एकदाही टॉर्च घेऊन त्यांच्या तोंडात पाहिले नव्हते. आता पाहिले. हिरड्या लाल, सुजलेल्या आणि दातांपासून सुटलेल्या, खालच्या दाढांभोवती जाड कीटण, एका ठिकाणी बोटाने दाबताच पू. ब्रश करताना रक्त येत होते, पण ते कधीपासून, हे त्यांना आठवत नव्हते.

धंतोलीतील हिरड्यांच्या तज्ज्ञ दंतवैद्यांनी मोजमाप केले, तेव्हा दात आणि हिरडी यांमधील फटी अनेक ठिकाणी सहा ते आठ मिलिमीटर खोल निघाल्या. निरोगी हिरडीत ही खोली तीन मिलिमीटरपर्यंत असते. सुपारीमुळे तोंड उघडणे किंचित कमी झाले होते, कर्करोगाची शंका घ्यावी असा डाग मात्र नव्हता, हे मोठे समाधान. तोंडभर पसरलेल्या अशा आजारात सुजलेल्या फटींच्या आतल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटिमीटरपर्यंत असू शकते. तेवढी उघडी जखम पायावर असती तर तिच्याकडे पहिल्याच दिवशी लक्ष गेले असते.

दाह यकृतापर्यंत कसा पोहोचतो

हिरडीच्या फटींतील जिवाणू आणि त्यांच्या आवरणातील विषारी द्रव्ये चघळताना, ब्रश करताना थोडीथोडी रक्तात उतरतात. त्यांना तोंड देणाऱ्या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही दाहकारक प्रथिने सोडतात. या प्रथिनांचा साखरेशी संबंध असल्याची कल्पना आजची नाही. १८७६ मध्ये जर्मनीतील एब्श्टाइन यांनी अ‍ॅस्पिरिनच्या कुळातील सॅलिसिलेट या औषधाच्या मोठ्या मात्रेने मधुमेहींच्या लघवीतील साखर कमी होते असे नोंदवले होते, परंतु दाहशामक औषधाने साखर का उतरावी हे तेव्हा कोणाला सांगता येण्यासारखे नव्हते. १९९३ मध्ये हॉटामिस्लिगिल आणि स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-अल्फा वाढलेले असते आणि ते निकामी केले की इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, असे दाखवले, आणि तिथून हा धागा पुन्हा हाती आला. पुढे यंत्रणा उलगडत गेली : टीएनएफ-अल्फामुळे पेशीतील जेएनके आणि आयकेके ही विकरे जागी होतात आणि आयआरएस प्रथिनावर नको त्या जागी, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट चढवतात. रिसेप्टरला इन्सुलिन चिकटते, पण आतला पहिलाच दुवा निकामी असतो. इंटरल्युकिन-६ यकृतात सॉक्स-३ नावाचे प्रथिन वाढवते आणि तेही त्याच दुव्यात अडथळा आणते. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील शुलमन यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून मेदाच्या वाटेचे महत्त्व दाखवले : मेदातील दाह, त्यातून इंटरल्युकिन-६, त्यातून मेदाचे विरघळणे, त्यातून यकृतातील असिटिल-कोए, आणि शेवटी साखरेचे वाढलेले उत्पादन.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, कारण इंटरल्युकिन-६ ला सरळ खलनायक ठरवणे चुकीचे आहे. व्यायाम करताना आपले स्नायूच ते भरपूर सोडतात आणि व्यायामाने साखर सुधारते. हे प्रथिन कोठून येते, किती वेळ टिकते आणि सोबत आणखी काय असते, यावर सारे अवलंबून आहे. तासाभरासाठी चढून उतरणारे इंटरल्युकिन-६ वेगळे आणि रात्रंदिवस झिरपत राहणारे वेगळे. तसेच उंदरांमध्ये टीएनएफ रोखून जे मिळाले, ते टाइप २ मधुमेहाच्या माणसांमध्ये त्याच औषधांनी साखरेच्या बाबतीत मिळाले नाही. २००७ मध्ये ७० रुग्णांवर इंटरल्युकिन-१ ला रोखणाऱ्या अनाकिन्राचा प्रयोग झाला, त्यात एचबीएवनसी तेरा आठवड्यांत सुमारे अर्ध्या टक्क्याने सुधारले. सॅलिसिलेटच्याच कुळातील सॅल्सलेटच्या प्रयोगातही फरक साधारण त्याच मर्यादेत होता. म्हणून दाह हे अशा साखरेमागील एक कारण मानावे, एकमेव नाही, हे मी त्या दांपत्याला उपचारापूर्वीच सांगितले.

हिरड्यांच्या उपचाराबद्दलचा पुरावाही एकाच दिशेचा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१४ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात हिरड्यांच्या सफाईने सहा महिन्यांत एचबीएवनसीमध्ये काहीच फरक पडला नाही. २०१८ मध्ये लंडनमधील २६४ रुग्णांच्या अभ्यासात अधिक सखोल उपचार केल्यावर वर्षअखेर ०.६ टक्क्याचा फरक आढळला. सफाई किती खोलवर झाली आणि दाह प्रत्यक्षात किती उतरला, यावर बरेच ठरत असावे, असे माझे मत आहे. पण साखर सुधारो वा न सुधारो, पू भरलेल्या हिरड्यांचा उपचार हा स्वतःच्याच बळावर आवश्यक होता.

उपचार आणि पुढचे नऊ महिने

मधुमेहाची औषधे तीन महिने जशीच्या तशी ठेवायची, असे आम्ही ठरवले. अट एकच : सकाळची साखर लागोपाठ दोनदा २०० च्या वर गेली, तर रात्रीचे इन्सुलिन सुरू करायचे. औषधे त्याच वेळी वाढवली असती, तर सुधारणा कशाने झाली हे कळले नसते, आणि या रुग्णाला ते कळणे मला गरजेचे वाटत होते, कारण त्यांचे मन "काहीही केले तरी उपयोग नाही" या ठिकाणी येऊन पोहोचले होते.

दंतवैद्यांनी चार बैठकांत हिरडीखालचे कीटण आणि दातांच्या मुळांची सफाई केली, हलणाऱ्या दोन दाढा काढल्या. पहिल्या मोठ्या बैठकीनंतरच्या दोन सकाळी साखर १९१ आणि १९४ आली. घरचे घाबरले. सखोल सफाईनंतर एखाद-दोन दिवस रक्तातील दाहकारक प्रथिने वाढतात, हे माहीत असल्याने मी थांबायला सांगितले. तिसऱ्या दिवशी आकडा १७० वर आला. चौदा महिने जे मी ताटात शोधत होतो, ते तोंडातल्या दाहाबरोबर वर-खाली होत असावे, याचा पहिला इशारा मला या दोन सकाळींनीच दिला.

बारा आठवड्यांनी सीआरपी ३.१ होते. सकाळची साखर १२८ ते १४० च्या दरम्यान स्थिरावली होती, जेवणानंतरची १६५ ते १७५, एचबीएवनसी ७.६. जेवणामुळे होणारी वाढ जवळजवळ पूर्वीइतकीच, पस्तीसच्या आसपास होती. खाली आली ती मूळ पातळी. हे सगळे श्रेय हिरड्यांचे आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच काळात खर्रा बंद झाला होता, आणि निकोटीन स्वतः मेद विरघळवून मेदाम्ले यकृताकडे पाठवते. भाकरी, काकडी आणि कांदा पुन्हा चावता येऊ लागले. वजन दीड किलोने उतरले, संध्याकाळी गांधीसागर तलावापर्यंत चालणे सुरू झाले. यांतला प्रत्येक बदल यकृताच्या बाजूचा आहे आणि एका रुग्णात त्यांचे वाटे वेगळे करता येत नाहीत.

सहाव्या महिन्यात घरात लग्न होते. पाहुण्यांच्या गर्दीत खर्रा परत आला, आधी एक, मग दिवसाला दोन. दंतवैद्यांकडची तिमाही सफाईही चुकली. नवव्या महिन्यात ते आले तेव्हा दोन जागी हिरडीतून पुन्हा रक्त येत होते, सीआरपी ४.८ आणि सकाळची साखर १५२ होती. या वेळी "रात्री काय खाल्ले?" असे मी विचारले नाही. पत्नीने नवी वही आणली होती. तिच्यात जेवणाच्या रकान्याशेजारी त्यांनी दोन नवे रकाने आखले होते, एक खर्रा किती यासाठी आणि एक ब्रशला रक्त आले की नाही यासाठी. खर्रा सोडवण्यासाठी निकोटीनच्या च्युइंगगमचा कार्यक्रम आखला आहे, सफाईची तारीख पुढच्या मंगळवारची घेतली आहे, आणि ग्लिमेपिराइडची मात्रा वाढवायची की नाही, हे त्यानंतर सहा आठवड्यांनी येणाऱ्या सीआरपी आणि सकाळच्या साखरेच्या आकड्यांवर ठरणार आहे.